उशी कुठं असती?

काशीमामा एसी दुरुस्त करायला यायचे, पण आल्या आल्या एसीकडे बघायचे नाहीत. दारात चपला काढायच्या, हत्यारांची पिशवी जमिनीवर ठेवायची आणि घरातल्या बाईला विचारायचं, "उशी कुठं असती?"

"कसली उशी?"

"झोपायची. ह्या खोलीत झोपणाराचं डोकं कुण्या अंगाला असतं?"

मे महिना, लातूरचं ऊन, एसी बंद, घरातली माणसं वर्तमानपत्रानं वारा घेत बसलेली, आणि हा माणूस उशीची चौकशी करतोय. ट्यूशन एरियातल्या एका नव्यानं लग्न झालेल्या मास्तरांकडे त्यांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा नवी नवरी आतल्या खोलीत गेली ती मामा जाईपर्यंत बाहेर आली नाही. मामांना त्याचं काही नाही. उशीची जागा कळली की ते स्वतः पलंगावर आडवे व्हायचे, बरोबर तिथंच डोकं ठेवायचे आणि मिनिटभर वर बघत राहायचे. वर एसी असला तर उठून सांगायचे, "मशीन इथून काढावं लागतं. न्हाईतर पलंग फिरवा."

"अहो, पण बिघाड काय आहे?"

"बिघाडाचं बघू की. तो काय पळून जातो का?"

म्हणून आमच्या कॉलनीत त्यांचं नाव पडलं उशीमामा.

मी आता नांदेडला असतो. त्यांच्यावर लिहायचं ठरवलं तेव्हा फोन करून परवानगी मागितली. मामा म्हणाले, "लिही. पण आधी हे लिही की गॅस संपत नसतो."

तर वाचकहो, एसीतला गॅस संपत नसतो. मामांची अट पूर्ण झाली. आता पुढचं सांगतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त नायब तहसीलदार राहायचे. त्यांचा एसी गार हवा देईना. एका पोरसवदा मेकॅनिकनं येऊन, पाच मिनिटं बघून, गॅस संपल्याचं जाहीर केलं आणि भरायचं सामान आणायला तो गेला. तेवढ्यात तहसीलदारांच्या बायकोनं मामांना बोलावलं. मी गच्चीवरून उतरत होतो, तो तमाशा बघायला थांबलो.

"गॅस संपला म्हणतो तो," तहसीलदार म्हणाले.

"गॅस काय रॉकेल हाय का साहेब, जळून संपायला? मशीनमधी तेवढाच गॅस गोल गोल फिरत असतो. भोक पडलं तर गळतो. मग त्याला म्हणावं, भोक दाखव. भोक न बुजवता गॅस भरणं म्हंजे फुटक्या घागरीत पाणी वतणं." एवढं बोलून त्यांनी आतल्या मशीनचं झाकण उघडलं आणि जाळी ओढून काढली. जाळी कसली, घोंगडीच होती. दोन उन्हाळ्यांची धूळ तिच्यावर बसलेली. "ह्याला श्वासच घेता येईना, तर तो तुमाला गार काय करल?"

त्यांनी जाळी धुतली, तीही नळाच्या पाण्यानं नाही. एसीच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी तहसीलदारीणबाईंनी बादलीत साठवलं होतं, त्या पाण्यानं. लातूरकराला थेंब वाया जाताना बघवत नाही. जाळी वाळवून बसवली आणि अर्ध्या तासात तहसीलदारांनी अंगावर पंचा ओढला. तरीही मामा जाईनात. "आता उशीचं बघू," म्हणाले. तहसीलदार वैतागले, "उशीचा काय संबंध?" तर मामा म्हणाले, "हवा टाळूवर आली की मान धरती." पलंग फिरवून घेऊनच ते गेले.

बिघाड ओळखण्यात त्यांचा हात धरणारा लातुरात कुणी नव्हता. बाहेरचं मशीन नुसतं हूं हूं करतंय आणि चालू होत नाही, असं फोनवर सांगितलं की इकडून उत्तर यायचं, "कपॅसिटर गेला. त्याला उठायचं हाय, पण पाठीला हात लावणारं कुणी न्हाई." आतल्या नळ्यांवर बर्फ धरला म्हणून कुणी खूश होऊन सांगितलं, तर म्हणायचे, "ती थंडी न्हवं बाई, गुदमरलंय ते. बंद करा, नुसता पंखा चालू ठेवा, बर्फ वितळू द्या, मग मी येतो." खोलीत पाणी टिपकायला लागलं की बाहेर जाऊन नळीचं टोक तोंडात धरून फुंकायचे आणि आतून कुंभारमाशीचं मातीचं घर बाहेर पडायचं. एक बाई रिमोटवर कायम सोळाचा आकडा ठेवायच्या, लवकर गार व्हावं म्हणून. त्यांना मामा म्हणाले, "ड्रायवरला शिव्या घातल्यानं यष्टी नांदेडला लवकर पोचत न्हाई. पंचवीसवर ठेवा, ती आपल्या चालीनं जाती."

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण ह्या गोष्टीतला खरा बिघाड मी आहे.

माझ्या बाबांचा छापखाना होता. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन, अक्षरांच्या खिळ्यांच्या पेट्या, शाईचा वास. लग्नपत्रिका छापून घर चालायचं आणि पत्रकं छापून बाबा चालायचे. हमालांचा संप, वसतिगृहातलं जेवण, पाण्याच्या टँकरची लांबण, एप्रिलमधली जयंती. लातुरात कुणाला काही म्हणायचं असलं की तो आमच्याकडे यायचा. मी वाचायला शिकलो तो 'बंधू-भगिनींनो' ह्या शब्दावर. आमच्या घरात पाण्याची टंचाई नेहमी पडायची, उद्गारचिन्हांची कधीच नाही. पुढं फ्लेक्स आले, मोबाइल आले आणि छापखाना बंद झाला. ट्रेडल गेलं. राहिली फक्त रॅकमधली पत्रकं. प्रत्येक पत्रकाची एक प्रत बाबा ठेवत आले होते. चाळीस वर्षांचे गठ्ठे, एका अख्ख्या भिंतीला. त्याच खोलीत समोरच्या भिंतीला लागून बाबांची कॉट.

तो उन्हाळा वाईट होता. बाबांची छाती आधीच शाईनं आणि कागदाच्या धुळीनं भरलेली. एका दुपारी ते उन्हातून आले आणि दारातच बसले. दोन दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टर म्हणाले, "खोली गार ठेवा. ह्या वयात पुन्हा ऊन लागलं तर मी काही सांगू शकत नाही."

एसी ही शोषकांची चैन आहे असं मत मी कॉलेजात असताना छापील स्वरूपात मांडलं होतं. ते गिळलं. बंद पडलेल्या एका क्लासचा जुना एसी मामांनीच बघून दिला. दीड टनाचा. "मशीन जवान हाय," म्हणाले. घेऊन आले, पिशवी जमिनीवर ठेवली आणि आईला विचारलं, "उशी कुठं असती?"

उशी त्याच भिंतीला होती जिथं एसी बसणार होता. विजेचा पॉइंट तिथंच, बाहेरचं मशीन ठेवायला छज्जा तिथंच. समोरच्या भिंतीला छतापर्यंत रॅक.

"इथं बसवत नसतो मी," मामा म्हणाले. "कॉट तिकडं घ्या."

"तिकडं पत्रकं आहेत," बाबा म्हणाले.

"मग पत्रकं हलवा."

"चाळीस वर्षांत ती कुणी हलवू शकलं नाही. सरकारसुद्धा."

"दादा, डोक्यावर हवा आली की मान धरल."

"माझी मान खिळे जुळवून जुळवून धरलेलीच आहे. तू बसव."

मामा बसवेनात. मी समजावलं, मी आवाज चढवला. बाबा ओला टॉवेल छातीवर घेऊन पडलेले, एसी खोक्यात, आणि हा माणूस उशीवर अडलेला. आईनं वातावरण निवळावं म्हणून चहा आणला. मामा कप घेऊन सरळ दारात गेले, उंबऱ्यावर बसले आणि पाठ चौकटीला टेकवून चहा प्यायले.

"आत बसा की भाऊ," आई म्हणाली.

"न्हाई माय, इथंच बरं."

ते गेल्यावर आईनं कप धुतला आणि हळूच म्हणाली, "आपल्याकडं आत बसून पीत नाही वाटतं."

बस्स. आमच्या घरात हे वाक्य पिढ्यान्पिढ्या जमा झालेल्या वाक्यांच्या ढिगावर जाऊन पडतं. उंबऱ्याबाहेर चहा पिण्याचा इतिहास आम्हाला शिकवावा लागत नाही. फक्त पूर्वी आम्ही त्यांच्या उंबऱ्याबाहेर प्यायचो, आता हा आमच्या उंबऱ्यात पितोय, म्हणजे आमचं घर बाटलेलं! दुसऱ्या कुणाच्या घरी मामा चहा कुठं बसून पितात, हे मी कधी पाहिलं नव्हतं. तहसीलदारांकडे चहा विचारायची पद्धतच नव्हती. पण न पाहिलेल्या गोष्टीवर पत्रक लिहायची मला सवय होती.

एका बैठकीत लिहिलं. मथळा: 'उशीचे वास्तुशास्त्र!' त्यात मी पुरावे मांडले. एकाच उशीमुळे तहसीलदारांची मान धरते! मास्तरांच्या पत्नीचे केस गळतात! बँकेतल्या साहेबांना वाईट स्वप्नं पडतात! बंधू-भगिनींनो, हे विज्ञान आहे की बुवाबाजी? (मामांनी प्रत्येक घरात वेगळं कारण सांगितलं होतं, ती मी चौकशी करून गोळा केली.) आणि शेवटी एक ओळ: 'जे आपल्या घरात उंबऱ्याच्या आत बसून चहा पिऊ शकत नाहीत, त्यांना आपण आपली भिंत का दाखवायची?' नाव घातलं नव्हतं. उशी म्हटल्यावर नावाची गरजच नव्हती.

झेरॉक्स काढून कॉलनीत घरोघर टाकलं, फोटो काढून ग्रुपवर सोडलं. लोक पोट धरून हसले. मला वाटलं, चळवळीला गती आली.

बाबांनी पत्रक पडल्या पडल्या वाचलं, मग परत वाचलं. "उद्गारचिन्हं चार," म्हणाले. "पुरावा एकही नाही. तो सगळीकडं उंबऱ्यातच बसतो रे. छापखान्यात पंखा दुरुस्त करायला यायचा, तेव्हापासून बघतोय मी."

"मग तेव्हापासूनच पाळत असेल."

बाबांनी टॉवेल उलटा करून छातीवर ठेवला.

दुसरा मेकॅनिक आला आणि तासाभरात बाबांच्या डोक्यावर एसी बसवून गेला. खोली गार झाली. बाबा पहिल्यांदा सलग झोपले. मी मनातल्या मनात विज्ञानाचा विजय असो म्हणालो. इकडे मामांची बोलावणी कमी झाली. उशीचा विनोद पार ट्यूशन एरियापर्यंत गेला होता. मोटारसायकलला पिशवी अडकवून ते गल्लीतून जायचे, तेव्हा पोरं ओरडायची, "मामा, उशी कुठं असती?" मामा हात वर करायचे आणि जायचे. मग तेही दिसेनासे झाले. कुणी म्हणालं, गावाकडं गेले, किल्लारीला.

पंधरा दिवसांनी एका दुपारी बाबांनी मला हाक मारली. ते कपाळावर तळवा धरून बसले होते. वरून थेंब पडत होता. टप्. थोडा वेळ काही नाही. टप्. बरोबर भुवयांच्या मध्ये.

"देवधर्म मी आयुष्यात केला नाही," बाबा म्हणाले, "आणि तुम्ही मला जिवंतपणी अभिषेक घालताय."

आई हसली, पण बाबांना खोकला लागला तो थांबेना. एसी लावला तर थेंब, बंद केला तर ऊन. खाली पातेलं ठेवून बाबांनी दुपार बसून काढली. मेकॅनिकला फोन केला. तो आला, वर बघितलं आणि म्हणाला, "गॅस संपलाय."

"गॅस काय रॉकेल आहे का संपायला?" मी ओरडलो. आणि ओरडल्यावर माझ्याच कानांनी ते ऐकलं. शब्द माझे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी औशावरून किल्लारीची गाडी धरली. वाटेत माफीची तीन-चार वाक्यं तयार केली. त्यातही उद्गारचिन्हं आली, म्हणून खोडली.

नव्या गावात रस्ते सरळ आणि रुंद, घरं एकासारखी एक. भूकंपानंतर वसवलेलं गाव, त्यामुळे सगळंच एका वयाचं. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला काशीमामांचं घर विचारलं. त्याला कळेना. "एसी दुरुस्त करतात ते," म्हटल्यावर म्हणाला, "अस्सं, पंखेवाला काशी म्हण की!" आणि बोटानं घर दाखवलं.

मामा चहा पीत होते. स्वतःच्या घरात. उंबऱ्यावर, चौकटीला पाठ टेकवून.

तीन-चार वाक्यांतलं एकही आठवेना.

"ये संपादक," मामा म्हणाले. "नवीन काय छापलंस?"

"मामा, पाणी गळतंय."

"कुठं?"

"बाबांच्या कपाळावर."

त्यांनी कप खाली ठेवला. "उशी तिथंच हाय अजून?" असं विचारत ते उठलेसुद्धा आणि पिशवी घ्यायला आत गेले. मी मागोमाग गेलो. खोलीच्या भिंतींवर काही नव्हतं. एक खिळा नाही, फळी नाही, फोटो नाही. कॅलेंडर जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलेलं. भांडी जमिनीवर, ट्रंक जमिनीवर. आणि कोपऱ्यात, दुमडलेल्या वाकळेवर, एक जुना लोखंडी टेबलफॅन. पाती कधीतरी चेमटलेली आणि पुन्हा ठोकून सरळ केलेली. धुळीचा कण नव्हता त्यावर.

"हा चालतो का?" मी आपलं काहीतरी विचारलं.

"चालंल. चालवत न्हाई मी." मामा पिशवीत पाने-पक्कड भरत होते. माझ्याकडे न बघता बोलत होते. "माझं पहिलं काम ते. भंगारातून आणला, वाइंडिंग मी केलं, वीस-बावीस वर्षांचा होतो. अक्का गौरी-गणपतीला आल्ती. आई गेल्यावर तिनंच केलं माझं समदं. उकडत होतं लई. मी म्हणलं, माझ्या हातचा पंखा हाय, समदी हवा अक्काला जाऊ दे. तिच्या उशीच्या बरोबर वर फळी ठोकली आणि ठेवला. एकालाच वारा लागायचा तो, म्हणून मी उंबऱ्यात पथारी टाकली. पहाटं जमीन हालली. मी राहिलो."

मी विवेकवादी घरातला मुलगा. गप्प बसायला पाहिजे होतं, ते जमलं नाही. "मामा, तेव्हा अख्ख्या भिंती पडल्या. दगडमातीच्या. पंखा नसता तरी..."

"हाव. समदेच तसं म्हणत्यात. मला बी कळतं." त्यांनी पिशवीचा बंद ओढला. "पण भिंत आजा-पणजानं बांधलेली व्हती. पंखा मी ठेवला व्हता."

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"मग लोकांना खरं का सांगत नाही? मान धरते, केस गळतात, हे कशाला?"

"काय सांगू? लोकाच्या घरात नवा एसी येतो, लेकरं नाचून राहिलेली असत्यात. तिथं अक्काचं काढू का? मान धरती म्हणलं की भागतं." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. खिशातून माझं पत्रक काढलं, चौघडी करून ठेवलेलं. "हे वाचून मी हसलो, खोटं न्हाई सांगत. मान, केस, सपनं, समदं बरोबर धरलास. पण शेवटची वळ काऊन लिहिलीस रे लेकरा?"

मग त्यांनीच पत्रक परत खिशात घातलं. "चल. तुझ्या बापाचं कपाळ वलं व्हलालंय."

तेवढ्यात मी म्हणालो की मी जाहीर माफीचं पत्रक काढतो, सगळं खरं लिहितो. मामा दारात थांबले. "आता काई छापू नको, बाबा. अन् कधी लिहिलंस तरी अक्काचं नाव घालू नको. कागद रद्दीत जातो." म्हणून तिचं नाव मला माहीत आहे, पण इथं नाही.

लातूरला पोचलो तेव्हा बाबा पातेल्याशेजारी बसले होते. मामांनी चपला काढल्या, पिशवी जमिनीवर ठेवली आणि ह्या वेळी काही विचारलं नाही. स्टुलावर चढून एसीच्या खालच्या कडेवर हात फिरवला. "उलटा तिरका बसवलाय. नळी एका अंगाला, उतार दुसऱ्या अंगाला. पाण्यानं बिचाऱ्यानं करावं काय? जवळची वाट धरली त्यानं. जवळ दादाचं कपाळ." उतार नीट करणं दहा मिनिटांचं काम होतं. मामांनी पाना हातात घेतला आणि वरूनच बाबांकडे बघितलं.

आत आल्या आल्या मी बाबांच्या कानात दोनच वाक्यं बोललो होतो. बाबा भिंत धरून उठले, समोरच्या रॅकपाशी गेले आणि वरच्या कप्प्यातला पहिला गठ्ठा स्वतःच्या हातांनी खाली काढला.

"तुम्ही बसा," मी म्हणालो.

"गप. माझी पत्रकं आहेत."

उरलेला सगळा दिवस गेला त्यात. गठ्ठे हलवायला वेळ लागत नव्हता, बाबांना वाचायला लागत होता. हमालांच्या संपाचं पत्रक निघालं, तर त्यावर हात फिरवत म्हणाले, "हा मजकूर रॉकेलच्या दिव्यात जुळवला होता, वीज गेली होती." टँकरचं निघालं तेव्हा मामा म्हणाले, "ह्या रांगंत मी उभा होतो दादा, दोन कळशा घेऊन." मग दोघं जमिनीवर बसून त्या टँकरच्या ड्रायव्हरचं नाव आठवत राहिले. आई म्हणाली, "एसी बसवताय की आठवणी?" कुणी ऐकलं नाही. शाईचा जुना वास खोलीभर उठला होता. त्या वासात मी लहानाचा मोठा झालो. आज नांदेडच्या माझ्या खोलीत तो कुठंच नाही.

शेवटी गठ्ठे जुन्या भिंतीशी गेले, कॉट मधोमध ओढली आणि एसी रॅकच्या जागी बसला, कॉटच्या पायांकडून चांगला हातभर बाजूला. तारेचा आणि नळ्यांचा वळसा लांबला, मामांनी तो कुरकुर न करता घातला. नव्या भिंतीचा गिलावा खडबडीत होता, एसीमागचा पत्रा एका कोपऱ्यात हलत होता. मामांनी खिशात हात घातला, माझं पत्रक काढलं, आणखी दोन घड्या घातल्या आणि त्या फटीत सारलं. हलवून बघितलं. पत्रा घट्ट.

"बघ संपादक," ते म्हणाले, "मजबूत लिहितोस तू."

ते अजून तिथंच आहे. माझ्या लिखाणापैकी आजवर उपयोगी पडलेलं एवढंच.

मग मामा कॉटवर आडवे झाले. बाबांच्या उशीवर डोकं ठेवलं आणि वर बघितलं. वर नुसतं छत. उठले. "झोपा दादा आता."

आईनं चहा आणला. मामांनी कप घेतला आणि सवयीनं दाराकडे चार पावलं टाकली. उंबऱ्यापाशी थांबले. मी दुसरीकडे बघत राहिलो. आई पदराशी चाळा करत उभी होती. मग मामा वळले. आत आले, खोलीच्या पार मधोमध, आणि कॉटच्या कडेवर बसले. दार तिथून सहा पावलं लांब.

पहिला घोट घेतला तेव्हा त्यांचे डोळे छतावर होते, मग भिंतीवर, मग दारावर, पुन्हा छतावर. पायाची बोटं जमिनीवर रोवलेली. कपाळावर घाम, आणि एसी तर चालू. बाबांनी आपला हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. मामांनी चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, कप आईच्या हातात दिला, उठले, झपाझप चालत उंबऱ्यापर्यंत गेले, चौकटीला पाठ लावली आणि मोठा श्वास सोडला.

"माय," ते म्हणाले, "चहात साखर घातली व्हती का?"

"अहो, दोन चमचे घातली. कमी होती का? मग आत बसल्या बसल्या सांगायचं ना."

"आत चव कुठं लागती," मामा म्हणाले. "आणखी अर्धा कप दे. इथं बसून पितो."